गुणाबाईची मागची खोली

मुखरूच्या घरातून वस्तू कमी होऊ लागल्या, हे सगळ्यात आधी गुणाबाईच्या ध्यानात आलं. मुखरूच्या नाही. मुखरू बांधीतला, धानाच्या शेतातला माणूस. घरात काय आहे आणि काय नाही, हे त्याला ताट पुढं आल्यावर तेवढं कळायचं.

गुणाबाई ही मुखरूची मोठी बहीण. नवरा वारल्यावर सासरच्यांनी जमीन दाबली, तेव्हा ती दोन बैलबंड्या भरून सामान घेऊन भावाकडे आली. हाताला लागलं ते तिनं आणलं होतं. दिराशी भांडून घरच्या दमणीचं, बसायच्या छोट्या बैलगाडीचं, एक चाकसुद्धा आणलं. एक चाक दिराकडे, एक हिच्याकडे. दमणी दोघांच्याही कामाची राहिली नाही. पण गुणाबाईचं म्हणणं, चाक माझ्याजवळ आहे तोवर तिथला माझा हक्क मेला नाही.

ते सगळं सामान मुखरूच्या मागच्या खोलीत रचलं गेलं आणि गुणाबाई त्या सामानातच निजू लागली. भावाच्या घरात विधवा बहिणीला वाटा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाऊ म्हणेल तोवर भात, भाऊ म्हणेल तोवर छप्पर. तिला आधार एवढाच, की खोली आपल्या सामानानं भरली आहे. भरल्या खोलीतून माणसाला कोण काढतो? खोली मोकळी झाली की मग दार दाखवायला किती वेळ लागतो? हे ती आमच्या घरी येऊन उघड बोलून दाखवायची.

आमच्या आणि मुखरूच्या घराची भिंत एकच होती. गाव सिंदेवाहीकडचं, तळ्याखालच्या धानाचं, मागं जंगल लागलेलं. नवे पैसे निघाले त्या सालची ही गोष्ट. मुखरूची पहिली बायको भिवरा तापानं गेली होती. दिवाळीनंतर त्यानं धानोऱ्याकडची एक विधवा बाई पाट लावून आणली. तिचं नाव रुखमाबाई. बाप आपल्याच जातीचा, पण जन्म जंगलात गेलेला. बांबू तोडायच्या कामावर जायचा, काम सरकलं की झोपडी सरकायची. रुखमाबाई आली ती डोक्यावर एक गाठोडं घेऊन आली. गुणाबाईला पहिला संशय तिथंच आला.

"एक गाठोडं!" ती आमच्या सपरीत, पुढच्या ओसरीवर, बसून माझ्या बायकोला म्हणाली. "बाईमाणसाच्या अर्ध्या जिंदगीचं एक गाठोडं? बाकीचं कुठी ठेवलं असंन?"

"नसंन बाकीचं," माझी बायको म्हणाली.

"सगळ्याइचं असते वो. मांगं कुठीतरी ठेवलं हाये. तिथी परत जाचं असंन म्हणून ठेवलं."

मुखरूचं घर तेव्हा कसं होतं हे सांगायला हवं. आत शिरलं की आधी डोकं वाकवायचं, कारण आढ्याला जाळी, दोऱ्या, शिंकी, भोपळ्याची सुकी तुंबडी असं काहीबाही लटकत असायचं. माळ्यावर मुखरूच्या आईच्या काळची मडकी. कोपऱ्यात फाटकी सुपं, झिजलेले झाडू, मोडका नांगर, घासलेटचे रिकामे डबे. विळा हवा असला तर मुखरू आधी शिव्या द्यायचा आणि मग शोधायला लागायचा. आमच्याकडं सगळ्यांचीच घरं थोडीफार तशी. वस्तू मोडली तरी टाकायची नाही, कधीतरी लागते. आणि लागते तेव्हा सापडत नाही, म्हणून दुसरी आणायची.

रुखमाबाईनं धान झोडपून झाल्यावर माळा उतरवायला घेतला. तिची रीत निराळीच होती. तिनं काही टाकलं नाही. सगळं सामान आंगणातल्या मांडवाखाली ओळीनं मांडून ठेवलं आणि घरात सांगितलं, "ज्याले जे लागंन त्यानं ते मांगा. मांगितलं की आत आणून देतो. कोणी नाई मांगितलं तर ते तिथीच राह्यन."

मुखरूनं विळा मागितला. रुखमाबाईनं तो आणून दाराशेजारच्या खुंटीला अडकवला आणि सांगितलं, "आता याची जागा हे." दुसऱ्या दिवशी त्यानं दोरी मागितली. मग भाजी चिरायची पावशी मागितली. मग काही मागायचं सुचेना. एक महिना लोटला तरी मांडवाखाली बंडीभर सामान पडून होतं आणि घर चाललं होतं. मुखरू आमच्याकडे तंबाखू चोळत येऊन मला म्हणाला, "पत्रूभाऊ, विळा सापडून राह्यला ना रोज. मले तर भेवच वाटून राह्यला."

तो गमतीत म्हणाला. पण गुणाबाईला ती गंमत वाटत नव्हती. मांडवाखालची एकेक वस्तू जाताना ती पाहत होती. झिंगू गोंड मोह वेचायच्या टोपल्या विकायला आला, तर रुखमाबाईनं त्याला दोन मडकी दिली. मंगली म्हणून मजूर बाई होती, तिला एक सूप दिलं. डबे कोणी नेले ते कळलं नाही.

"काऊन वो, आमचं सूप तुमच्याकडं आलं का?" गुणाबाई माझ्या बायकोला विचारायला आली.

"नाई बा. तुमच्या भावजयीनं मंगलीले देल्लं म्हणते."

"म्हणते! देल्लं का इकलं, कोण पाह्यलं? आज सूप, उद्या पाण्याचा गुंड."

"बाई, फाटकं होतं ना ते?"

"फाटकं असो का तुटकं असो. घरातलं होतं."

मग गुणाबाईनं रुखमाबाईला तिच्याच रीतीनं गाठायचं ठरवलं. मागितलं की आत आणून देते ना? ठीक आहे. ती रोज सकाळी मांडवाखाली जाऊन उभी राहायची आणि मागायची. "ती पाटी मले लागते." रुखमाबाई पाटी उचलून द्यायची. "तो नांगराचा दांडा." दांडा. "तो रांजण." रांजण चिरलेला होता, पण रुखमाबाईनं तोही लोटत लोटत मागच्या खोलीपर्यंत पोचवलं. असं करता करता मांडव मोकळा झाला आणि अर्ध्या घराचा पसारा गुणाबाईच्या खोलीत गेला. खाटेपर्यंत जायला एक बोळकांडी तेवढी उरली. गुणाबाई त्या बोळकांडीतून आडवी होऊन जायची आणि म्हणायची, आपण घर वाचवलं.

मला विचाराल तर तोवर माझ्या मनात काही नव्हतं. नवी बाई हौसेनं घर लावते, चार दिवस लावेल आणि थकेल, असं वाटलं होतं. पण फाल्गुन लागला तसं मीही पाहू लागलो. कारण रुखमाबाईच्या घरातल्या वस्तू नुसत्या कमी झाल्या नव्हत्या. त्या सरकत होत्या.

पूर्वी बियाण्याचा धान आतल्या अंधाऱ्या खोलीत ढोलीत, बांबूच्या कणगीत, असायचा. तो तिनं काढून पोत्यात भरला आणि पोतं दाराच्या आतल्या बाजूला ठेवलं. पाण्याचा तांब्याचा गुंड चुलीमागून दारापाशी आला. कुऱ्हाड आली. दाराशेजारी एक खुंटी नवी ठोकली आणि त्या खुंटीवर एक गाठोडं टांगलं. पक्कं बांधलेलं. ते कधी सोडलेलं दिसायचं नाही, पण येता-जाता ती त्याच्या गाठीला हात लावून पाहायची.

गुणाबाईनं ते गाठोडं बाहेरूनच चाचपलं होतं. "आत कडक लागते," ती मला म्हणाली. "वाटोळं. भिवराचे हातातले गोठ हायेत ते, चांदीचे. पत्रूभाऊ, तुमी शाने मानूस. सांगा, जी बाई घरात राहाले आली ती सामान आत नेते का दाराकडं आणते?"

आमच्याकडं दाराजवळ सामान दोनदाच येतं. घर सोडायचं असलं तर, नाहीतर घरातून माणूस गेलं तर.

"मुखरूले सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं. थो म्हनते, विळा सापडते ना. याले विळा सापडला की बस. बायको सापडन का नाई, ते मंग पाह्यन थो."

त्याच आठवड्यात रुखमाबाईनं तिला विचारलं, "बाई, तुमची खोली एकदा लावून देऊ का? मी एकटीच करतो. तुमी नुस्त्या सांगत जा." हे मी भिंतीपलीकडून माझ्या कानानं ऐकलं. आवाज साधा होता. पण गुणाबाई काहीच बोलली नाही, आणि गुणाबाई बोलली नाही म्हणजे काय ते आम्हाला शेजाऱ्यांना ठाऊक. सोमवारच्या बाजारातून ती एक कुलूप घेऊन आली. मागच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली गळ्यात. मुखरूच्या घराला मोहरच्या, म्हणजे पुढच्या दाराला कधी कुलूप नव्हतं, ते घरातल्या घरात आलं.

दोन दिवसांनी तिचं धुतलेलं लुगडं दोरीवरून नाहीसं झालं. निळं, काठाचं, चांगलं. ते तिनं गावभर केलं नाही. तोंड घट्ट मिटून ठेवलं, म्हणजे वेळेवर काढायला राहील.

आणि मग ती दुपार आली. मोहाची फुलं पडत होती, सारं गाव पहाटे वेचायला जाऊन परत येऊन निजलं होतं. मी सपरीत दोरी वळत होतो. मुखरूच्या दारातून रुखमाबाई बाहेर आली. डोक्यावर ते गाठोडं, कमरेवर बियाण्याचं पोतं, हातात गुंड. तिनं इकडं तिकडं पाहिलं नाही. भराभर चालत ती विहिरीपर्यंत गेली. सामान खाली ठेवलं. वळून घराकडं पाहिलं, जरा दम घेतला. मग सगळं उचललं आणि परत आत गेली.

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. पळणारी बाई परत येत नाही. मग ही काय करत होती? मी मनाशी म्हटलं, ही वाट पाहून ठेवते आहे. एवढं ओझं एकटीला झेपतं का ते पाहते आहे. आज दुपारी रिकामी गेली, उद्या दुपारी खरी जाईल.

समोर चिंचेखाली गुणाबाई उभी होती. तिनंही पाहिलं होतं. ती सरळ माझ्याकडे आली.

"पाह्यलं?"

"पाह्यलं."

"आता तरी पंच बसवता का नाई?"

पंच बसवले. मुखरूच्याच सपरीत, दुसऱ्या दिवशी, मोह वेचून लोक आल्यावर. बापूजी मधे बसले. ते गावात सगळ्यांत वयानं मोठे, ऐकू थोडं कमी यायचं आणि तेवढाच त्यांना आराम होता. दसरू होता, मी होतो, आणखी दोघं होते. बायका दारात. मुखरू खांबाला टेकून जमिनीकडं पाहत होता. त्याचं तोंड उतरलं होतं. पहिली बायको तापानं नेली, दुसरी उन्हाळा लागायच्या आत चालली, असं त्यालाही वाटायला लागलं होतं.

"बोल गुणाबाई," बापूजी म्हणाले.

"मी काय बोलू? त्या खुंटीवरचं गाठोडं बोलंन. सोडाले सांगा."

बापूजींनी रुखमाबाईकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला, गाठोडं काढलं आणि आमच्यासमोर ठेवून स्वतःच गाठ सोडली.

मुखरूचं एक धोतर आणि बंडी. तिचं स्वतःचं एक लुगडं. भिवराचे चांदीचे गोठ, चिंधीत बांधलेले. काडेपेटी. मिठाची पुरचुंडी. आणि सगळ्यांत खाली घडी केलेलं गुणाबाईचं निळं लुगडं.

"माझं लुगडं!" गुणाबाई एवढ्या जोरात ओरडली की बापूजींनाही स्पष्ट ऐकू गेलं. "पाहा! चोर! पंचाइच्या समोर चोर!"

दसरू म्हणाला, "अवो बाई, चोर चोरीचं लुगडं त्याच घरात खुंटीवर टांगून ठेवते का?"

"नेणार होती. काल विहिरीपावतर नेलंच होतं. विचारा पत्रूभाऊले."

मी हो म्हणालो. खोटं कसं बोलू?

"काऊन वो पोरी?" बापूजी म्हणाले. "विहिरीवर कायले गेली होती हे घेऊन?"

रुखमाबाईनं लुगड्याची घडी सारखी केली. मग म्हणाली, "एका खेपेत होते का नाई ते पाह्याले."

"कोणती खेप?"

"आगीची." ती बोलायला लागली तशी तिच्या बोलण्यात तिच्या गावाकडची ढब यायला लागली. "आमच्या इकडं घरं गवताची. चैतात लोक मोहाखालचा पाला जाळते. वारा सुटला की आग जंगलात राह्यत नाई, घरावर येते. दोन टाइम आमचं घर जळलं. माझा बा म्हणे, घरात तेवढंच ठेवाचं जेवढं एका खेपेत भायेर निघते. अन् ते दाराजवळ ठेवाचं. दुसरी खेप कराची नाई. मानूस पह्यल्या खेपेले मरत नाई. कायतरी राह्यलं म्हणून मांगं फिरते, थोच मरते."

कोण मागं फिरलं होतं ते कोणी विचारलं नाही.

"मंग गुणाबाईचं लुगडं?" बापूजींनी विचारलं.

"थे बी त्याच खेपेत हाये. बाईले वेळेवर किल्ली भेटनार नाई, कुलूप निघनार नाई. नेसाले तरी असंन. मी सांगणार होती. पण सांगू कसं? त्यायच्याशी बोलाले गेली का त्या कुलूप लावते." मग तिनं गुणाबाईकडं पाहिलं. "बाई, तुमच्या खोलीत तुमी आडव्या होऊन जाता. धूर झाला तर निघनार कशा? मले त्याचंच भेव वाटते. म्हणून म्हटलं होतं, खोली लावून देतो."

माझ्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. मुखरूनं पहिल्यांदा मान वर केली. आम्हाला वाटलं, मिटलं.

पण गुणाबाई हलली नाही. ती त्या लुगड्याकडं पाहत होती आणि तिचं डोकं चाललं होतं, हे दिसत होतं.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "मले काढाची तयारी पह्यलेच झाली होती. माझं लुगडं बांधून दाराले टांगून ठेवलं. वा! दुसऱ्याचं लुगडं बांधून ठेवते ते कायले? त्याले वाटेले लावाले."

"अवो बाई," दसरूनं कपाळाला हात लावला.

"तुमी मधात बोलू नका. आग! मातीच्या कवेलूचं घर हाये हे, गवताचं नाई. कवेलूले कधी आग लागली का? मले खोली पाह्यजे. पंचाइनं सांगावं. खोली माझी, चूल माझी, दार माझं. मंग कोणी माझं लुगडं बांधणार नाई."

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात कुठंही आग लागली नाही, हेही इथंच सांगून टाकतो. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, आता आग लागेल आणि गुणाबाई शहाणी होईल. तसं काही झालं नाही.

बापूजींनी मुखरूला विचारलं. मुखरू म्हणाला, "मोठी बहीण हाये. थिले पाह्यजे तसं करा." मग पंचांनी ठरवलं, गुणाबाईची चूल वेगळी. मागची खोली तिची, जिवंत आहे तोवर. त्या खोलीला सांदवाडीकडून, म्हणजे मागच्या परसाकडून, एक दार होतंच. ते तिचं येण्याजाण्याचं. मुखरूनं तिला वर्षाचा धान द्यायचा. कोणीही त्या खोलीतल्या वस्तूला हात लावायचा नाही.

गुणाबाईला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. ती उठली तेव्हा तिचं पाऊल पार आमच्या सपरीपर्यंत ऐकू जावं असं पडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तळ्यावरून माती आणली, भिजवली, चूल घालायला. आणि खोलीच्या दारात उभी राहिली. बराच वेळ तशीच उभी होती. मी आमच्या सांदवाडीत वेलाला काटक्या लावत होतो, तिथून मला दिसत होतं. हातातली माती सुकायला लागली.

चूल घालायला जागा नव्हती.

एका बाजूला रांजण, एका बाजूला चाक, मधे खाट, खाटेवर पाट्या, खाटेखाली डबे, मागं ढोली. बोळकांडीत चूल घातली तर खाटेपर्यंत जाता येईना. दारात घातली तर दार लागेना. आणि पंचांनीच सांगितलं होतं, कोणी हात लावायचा नाही. त्यामुळं कोणाला बोलवायची सोय नव्हती. माझ्याकडं पाहून ती म्हणाली, "काय पाहून राह्यले, पत्रूभाऊ? माती चांगली भिजाले ठेवली हाये."

"भिजू द्या," मी म्हणालो.

दुपारनंतर तिनं एक पाटी बाहेर आणली. मग डबा. प्रत्येक वस्तू बाहेर आणली की ती परत आत जायच्या आधी कुंपणापर्यंत येऊन दोन्हीकडं पाहायची, कोणी टपून तर नाही बसलं. मंगली पाण्याला जात होती. ती थांबली. "बाई, हा झाडू नेऊ का?"

"हात नको लावू! वाळाले ठेवला हाये."

"झाडू वाळाले?"

"जा वो तू तुया पाण्याले."

मला वाटलं होतं, रुखमाबाई येईल. ती आली नाही. मुखरूच्या घरात ती भात शिजवत होती, भिंतीआडून वास येत होता. ती मुद्दाम येत नव्हती का, हे मी तेव्हाही ताडायचा प्रयत्न केला आणि आजही मला नक्की सांगता येत नाही. माझी बायको म्हणायची, ती साधी होती. मी म्हणायचो, एवढं साधं कोणी नसतं.

ढोलीपाशी येऊन गुणाबाईचं काम अडलं. ढोली बांबूच्या कामट्यांची, माणसाएवढी, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. गुणाबाई यायच्या आधी कधीतरी खोलीतच विणली होती. दारातून निघणारी नव्हती. आत लाखोरीची डाळ होती, कधीची कोण जाणे. गुणाबाईनं हात घातला तर दाण्याऐवजी नुसतं पीठ आणि किडे. ती हात झटकून बाहेर आली आणि सांदवाडीत बसली. तोंड पदरानं पुसलं. मी कुंपणापाशी गेलो.

"कापावी लागंन," मी म्हणालो.

"कापा."

"मी कापू? पंचाइनं सांगितलं हाये, हात लावाचा नाई."

"पंच तुमीच ना! मीच सांगून राह्यली ना तुमाले, कापा." आणि मग लगेच, "पन कामट्या मोजून इथीच ठेवाच्या. घरी नाई न्याच्या."

मी कुऱ्हाडीनं ढोली कापली. तिच्यामागं भिंतीचा मोठा तुकडा मोकळा झाला. उजेड पडला तिथं. इतक्या वर्षांत त्या भिंतीला उजेड लागला नव्हता. गुणाबाईनं तिथं चूल घातली. बोटांनी काठ गुळगुळीत केले. खाट जरा सरकवून नीट चालत जायला वाट केली आणि त्या वाटेनं दोनदा जाऊन आली, सरळ, आडवी न होता. चाक तिनं माझ्या हातून बाहेर काढवून भिंतीला टेकवून ठेवलं. बाकी ढीग सांदवाडीत पडला होता.

दिवस कलताना चूल पेटवायची वेळ आली. आमच्याकडं रीत अशी आहे की चूल वेगळी झाली तर तिचा पहिला इस्तो जुन्या चुलीतून घ्यायचा नाही. परक्या घरून आणायचा. जुन्या चुलीचा निखारा घेतला तर ती चूल वेगळी झाली असं कोणी मानत नाही. पंचांचं सांगणंही मग वाऱ्यावर जातं. म्हणून गुणाबाई खापर घेऊन आमच्या घरी आली. माझ्या बायकोनं चुलीतले निखारे ओढले, चांगले लाल, आणि खापरात घातले.

गुणाबाई खापराकडं पाहत राहिली.

"इझला हाये," ती म्हणाली.

"बाई, लाल हाये ना."

"तुमचं लाकूड ओलं. राह्यत नाई हा इस्तो. पाह्य, काळा पडून राह्यला." खापर तिनं आमच्याच चुलीत उपडं केलं आणि निघाली. मी सपरीतून पाहत होतो. ती सांदवाडीकडं वळली नाही. मोहरच्या दारानं, मुखरूच्या घरात शिरली.

भिंत एकच होती, म्हणून पुढचं ऐकू आलं.

"रुखमे."

"काय वो बाई?"

"इस्तो दे जरा. पत्रूच्या घरचा इझून राह्यला."

रुखमाबाई जंगलातली असली तरी ही रीत तिलाही ठाऊक असणार. रीत तर सगळीकडं आहे. मग चिमट्याचा आवाज आला, निखारे खापरावर पडल्याचा आवाज आला.

"अजून घ्या. एवढ्यानं पेटत नाई," रुखमाबाई म्हणाली.

"बस झाला. अन् त्या सांदवाडीतल्या ढिगाले हात नको लावू. मले जे लागंन ते मी मांगीन. मांगितलं की मंग आणून दे आत."

"बरं."

"नाई मांगितलं तर तिथीच राहू दे."

"बरं, बाई."

गुणाबाई खापर धरून बाहेर आली. मला पाहून थांबली. "काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "तुमचं लाकूड ओलं हाये, भाऊ. वाळवत जा." आणि हाताचा आडोसा करून, निखारा विझू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं, ती आपल्या खोलीकडं गेली.